अंधाराची रुंदी

नकाशावर धक्क्याची सावली कुणी दाखवत नाही.
खांब दाखवतात, खोली, भरतीची रेघ,
कॉफीच्या दुकानाचा ओटा.
मारिट त्वाइटने पहिल्याच बैठकीत
पेन्सिल आडवी धरून
सगळा किनारा काळा करून टाकला.
म्हणाली, "आता माशाच्या बाजूने बघा."

बोटभर सॅमनचं पिलू
नदीतून समुद्रात उतरतं ते उथळाला धरून,
नवख्या घरात पोर भिंत धरून चालतं तसं.
धक्क्याखाली आलं की
भर दुपारी एकदम रात्र.
ते थबकतं.
ओहोटी मागे वळू देत नाही,
पुढे जाववत नाही.
मग वळसा घेऊन खोल पाण्यात शिरतं,
जिथे त्याची वाट पाहणारे
पुष्कळ असतात.

"म्हणजे माशांसाठी खिडक्या पाडायच्या?"
पालिकेचे हिशेबनीस लुंडक्विस्ट हसले.
हसण्यात वाकडं काही नव्हतं.
मग त्यांनी आकडा विचारला
आणि हसू आवरलं.

पाडल्या आम्ही खिडक्या.
फुटपाथात काचेच्या विटा, तळहाताएवढ्या,
कुणाची टाच घसरू नये इतक्या खरखरीत.
खालच्या भिंतीला कोनाडे, खाचा, सुरकुत्या,
शेवाळाला बूड टेकायला जागा.
साच्यांच्या कागदावर, शेऱ्याच्या रकान्यात,
मी लिहिलं : अजून ओबडधोबड.
वीस वर्षं मी गुळगुळीत करा म्हणत आले होते.

वसंतात मारिट पाण्याखाली मोजून वर आली,
ओठ निळे, पाटीवर पेन्सिलीच्या एकवीस रेघा.
"थांबत नाहीत आता.
उजेडाच्या एका डागावरून दुसऱ्यावर
जातात."
त्या रविवारी लुंडक्विस्ट नातीला घेऊन आले,
काचेवर ओणवे होऊन बसले दोघं.
वरून खालचं काही दिसत नाही
हे मी त्यांना सांगितलं नाही.

डेल्फीनबाई समारंभाला आल्या नाहीत.
भराव पडायच्या आधी या किनाऱ्याला
त्यांच्या आजीच्या भाषेत नाव होतं;
त्या ते एकदाच उच्चारतात, ऐकणाऱ्याने ऐकावं.
ऑक्टोबरात त्यांचा फोन आला :
"ओढ्यावर ये. बूट घालून ये."

सहा मैल वर, पाऊस लागून दोन तास.
सॅमनच्या माद्या, अंडी पोटातच,
तोंड वासून गोल गोल फिरत होत्या
उतरायची वाट विसरलेल्या भोवऱ्यासारख्या.
कडेला नळीतून रस्त्याचं पाणी पडत होतं,
टायरची झीज घेऊन, काळसर, वर फेस.
"वेस झकास बांधलीत," डेल्फीनबाई म्हणाल्या,
"आता गावात कुणी उरेल असं बघा."

त्या रात्री मी नकाशा उलटा धरला.
समुद्राकडून वर चढत गेले :
नळी, गटार, उतार, छपरं, पार्किंग,
आणि नळीच्या पार टोकाला
खिएम फामचं टायरचं दुकान.

त्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसत.
"टायर झिजणारच, बाई.
नाही झिजला तर मी खाऊ काय?"
मग बराच वेळ गप्प.
मग दारापुढच्या चार गाड्यांच्या जागेकडे बघून :
"यातल्या दोन घ्या."

दोन गाड्यांच्या जागेत आम्ही खड्डा खणला,
वाळू, कुजलेल्या लाकडाचा भुगा, वर लव्हाळा.
पाणी काळं शिरतं,
खालून निघतं ते फिक्या चहाच्या रंगाचं.
एवढ्याने भागतं का? असे खड्डे
अजून चारशे तरी लागतील असा माझा अंदाज.
झालेत नऊ.
डेल्फीनबाईंना यंदाचा आकडा विचारला
तर म्हणतात, "मोजतेय अजून."

परवा पाऊस लागला.
दुकानाला सुट्टी होती, तरी खिएम आला,
छत्रीबित्री काही नाही,
खड्ड्याच्या तोंडाशी अडकलेली मेपलची पानं
हातांनी उपसत उभा.
मी गाडी थांबवली.
"पाणी आत जायला नको का," एवढंच म्हणाला
आणि पुन्हा वाकला.